राजाकडे पाठ फिरवण्याची रीत

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक केतकी माझ्या मुलीच्या वयाची आहे. फोनवर म्हणाली, "काकू, तुम्ही इतकी वर्षं जॉब केलात, त्यावर लिहा ना काहीतरी. सगळे काका दरवर्षी इंजिनीअरिंगवरच लिहितात, बोअर होतं यार." ते 'यार' मला उद्देशून नसावं असं मी धरून चालले आणि हो म्हणून टाकलं.

माझ्या नोकरीबद्दल मंडळात दोन समज आहेत. एक म्हणजे मी युनिव्हर्सिटीत शिकवायचे, आणि दुसरा म्हणजे मी कपडे शिवायचे. पहिला आमच्या ह्यांनी पसरवला. दुसरा खरं तर सत्याच्या जास्त जवळ आहे, पण तो सांगताना लोक आवाज खाली आणतात. मी बे एरियातल्या एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात, कपडेपटात, सव्वीस वर्षं काम केलं. कपडे शिवणं हा त्यातला चौथा हिस्सा. बाकीचा वेळ ते धुणं, उसवणं, जपणं, नटांच्या अंगावर चढवणं आणि नटांच्या तक्रारी ऐकणं यात जातो.

नाटकाचा कपडा हा घरच्या कपड्यासारखा नसतो. तो एका माणसाचा नसतोच. आज जो अंगरखा बारीक मुलाच्या अंगावर आहे, तो दोन वर्षांनी जाड्या मुलाच्या अंगावर जाणार असतो. म्हणून शिवणीत माया भरपूर सोडायची आणि लांबी जास्त झाली तर आतून दुमडून टाके घालायचे. कात्री लावायची नाही. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायचे आणि तो सगळ्यांत वाईट रीतीनं मोडला तो मीच. ते पुढे सांगते.

दुसरी एक गोष्ट कुणाला ठाऊक नसते. जरीचे, मखमलीचे कपडे रोज धुता येत नाहीत. मग घामाचा वास घालवायला व्होडकात पाणी घालून आतल्या बाजूनं फवारतात. ती आणण्याचं काम माझ्याकडे असायचं. एकदा फ्रीमाँटच्या सुपरमार्केटमध्ये माझ्या ट्रॉलीत चार मोठ्या बाटल्या असताना भजनी मंडळातल्या एक वहिनी समोर आल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "अहो, ऑफिससाठी आहे." त्यावर त्यांचा चेहरा आणखीनच पडला. पुढच्या गुरुवारी भजनाला सगळ्या माझ्याशी फार मायेनं वागल्या.

गिऱ्हाइकं म्हणजे नटमंडळी. एक वयस्क प्राध्यापक रोमन सम्राट झाले होते, त्यांना झग्याला चष्म्यासाठी खिसा हवा होता. सम्राटाला खिसा नसतो म्हटलं तर म्हणाले, "सम्राटाला पाठांतरही नसतं, मंदा. चिठ्ठी कुठे ठेवू?" मी खिसा शिवला. अशा गोष्टी सांगायला बसले तर अख्खा अंक मलाच द्यावा लागेल. पण त्या सव्वीस वर्षांतलं एकच काही सांग असं कुणी म्हटलं, तर मी जावाच्या नाटकाचंच सांगेन.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती. आमच्या विद्यापीठाच्या संगीत विभागात गॅमेलान होतं. म्हणजे जावा बेटावरचा वाद्यमेळ, लहानमोठ्या काशाच्या घंगाळांचा आणि पट्ट्यांचा. त्यावर तिथलं एखादं लोकनाट्य बसवावं असं ठरलं आणि जावाहून एक गुरुजी एका सत्रासाठी आले, पाक हार्जो. 'पाक' म्हणजे आपलं 'काका' म्हणा ना. त्यांच्याबरोबर त्यांच्या बायको आल्या, बू सुमिनी. 'बू' म्हणजे आई, किंवा काकू. दोघंही पन्नाशीच्या अलीकडची. पाक हार्जो राजवाड्यात वाजवणाऱ्यांच्या घराण्यातले, ढोलावर हात असा की मुलं वाजवायचं विसरून बघत बसायची. बोलणं अत्यंत गोड. नाही म्हणायचं असलं की आणखी गोड.

नाटकाची गोष्ट साधी होती. एक मोठा राजा एका छोट्या राजाला हरवतो आणि त्याच्या मुलीला मागणी घालतो. बापानं भीतीनं हो म्हटलेलं असतं. मुलीला दरबारात आणतात. तिथे ती नकार देते आणि खेड्यातल्या मुलीच्या वेषात पळून जाते. त्या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. कोणता प्रसंग कशानंतर एवढं ठरलेलं, बाकी नटानं उभ्याउभ्या बोलायचं, आपल्याकडे लोकनाट्यात चालायचं तसंच. पण चालणं, बसणं, उठणं मात्र बोटभरही इकडचं तिकडे करायचं नाही. दरबारात बाई चालत येत नाही. ती उकिडवी बसून, तशीच पाय टाकत, पुढे सरकत येते. राजासमोर मांडी घालून बसते, हात जोडून अंगठे नाकाला टेकवते. आणि जाताना तशीच मागे मागे सरकत जाते, कारण राजाकडे पाठ करायची नसते. आपणही गाभाऱ्यातून निघताना देवाकडे पाठ करत नाही, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही.

कॅरनला मात्र वाटलं. ती राजकन्या होणार होती. उंच, हुशार, बायकांच्या हक्कांचा अभ्यास करणारी, तोंडाची फटकळ मुलगी. दुसऱ्याच तालमीला तिनं कमरेवर हात ठेवले. "मी कुठल्याही पुरुषासमोर अशी सरपटत जाणार नाही. नाटकात पण नाही." बाकीच्या मुली तिच्या मागे उभ्या राहिल्या. पाक हार्जो हसून म्हणाले, "अवघड आहे, पण जमेल." त्यांना वाटलं, मुलींचे गुडघे दुखत असतील. मग रोज तेच. अर्ध्या मुली फिदीफिदी हसत सरकायच्या, अर्ध्या सरळ चालत यायच्या. मला दोन्ही बाजू पटत. मी माझ्या सासूबाईंसमोर डोक्यावरून पदर घेतलेली बाई. कॅरन बोलायची तेव्हा माझं अर्धं मन टाळ्या वाजवायचं आणि अर्धं म्हणायचं, फार बोलते ही.

बू सुमिनींना तालमीत काही काम नव्हतं. कागदोपत्री त्या 'सोबत आलेली पत्नी' होत्या. मग त्या सकाळी नऊला थर्मासमध्ये चहा घेऊन माझ्या कपडेपटात यायच्या आणि खुर्ची असताना जमिनीवर बसायच्या. आमचं दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या बाजूंनी मोडकं होतं. त्यांचं थोडं जास्त. पण राजा, पुत्री, गुरू, देवी हे शब्द तिकडेही तेच, त्यामुळे नाटकाचं बोलणं अडायचं नाही. त्या मला 'बू मांडा' म्हणायच्या. मुलींना कापड नेसवणं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. ते कापड म्हणजे बाटिक. मेणानं नक्षी काढून रंगवलेलं, तपकिरी आणि निळं. कमरेभोवती घट्ट गुंडाळायचं आणि राजकन्येच्या वेषात त्याचा एक लांब शेव, म्हणजे मोकळं टोक, दोन पावलांच्या मधून मागे जमिनीवर सोडायचा. चालताना तो पायानं अलगद बाजूला सारत चालायचं. त्यांची बोटं ती घडी घालताना बघत राहावंसं वाटायचं. मी इचलकरंजीची, कापडाच्या दुकानात वाढलेली. कापडाला हात कसा लागतो यावरून माणूस ओळखायची मला खोड आहे.

एकदा मी सहज विचारलं, "बू, तुम्ही नाचायच्या का?" त्या म्हणाल्या, "आधी. लग्नाआधी. फिरती मंडळी होती आमची." मग थोड्या वेळानं, "पाकच्या घरात चालत नाही. राजवाड्याचे लोक ना ते. गावोगाव फिरणारी बाई कशी चालेल?" मी विचारलं, "त्यांनी बंद केलं?" त्यांनी जोरात मान हलवली. "नाही, नाही. पाक चांगले आहेत. ते एकदाच म्हणाले, आता गरज काय?"

हे वाक्य मला भाषांतर करून घ्यावं लागलं नाही. आमच्या घरात ते 'अगं पण गरज काय आहे' असं होतं. आमचे हे, श्रीकांत, मारझोड करणारे की ओरडणारे? छे. मला फ्रीवेवर गाडी चालवायला शिकवणारा हाच माणूस. पण माझी नोकरी ही हौस होती आणि त्यांची ती नोकरी. पाहुणे आले, मुलांना ताप आला, मंडळाची कोजागिरी आली, की कॅन्सल व्हायचं ते माझं. मी दर नाटकाच्या आठवड्याआधी घरी परवानगी मागायचे. मिळायची. पण मागायचे.

प्रयोगाला तीन आठवडे असताना कॅरन तालमीत त्या लांब शेवात पाय अडकून पडली. घोटा मुरगळला. थिएटरच्या सुरक्षेचं बघणारे गृहस्थ आले आणि म्हणाले, कापड आखूड करा, नाहीतर रंगमंचावर आणू नका. पाक हार्जोंनीही गोडपणे मान डोलवली. कॅरनला आता उकिडवं बसता येणार नाही, तर तिनं सरळ चालत यावं, बोलावं, चालत जावं. सगळ्यांचा प्रश्न सुटला. कॅरन जिंकली होती, पण लंगडत.

मी गठ्ठ्यातून राजकन्येचं कापड काढलं. ते आत दुमडून बघितलं तर फुगवटा येत होता. मला फुगवटा सहन होत नाही. हा माझा गर्व. विभागानं मागवलेली कापडं याच गठ्ठ्यात होती, म्हणजे हेही त्यातलंच, असं मी धरलं. विचारलं नाही कुणाला. टेबलावर पसरलं, टेप लावला आणि कात्री चालवली. सव्वा हात कापड बाजूला पडलं. कडेला बारीक दुमड घालून इतकी सुबक शिवण घातली की मीच खूश झाले.

सकाळी बू सुमिनी आल्या. थर्मास ठेवला. टेबलावरचा तुकडा उचलला आणि खाली बसल्या. तुकड्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "हे माझ्या आईनं काढलं. हातानं. मेण."

त्यांनी ते आपल्या पेटीतून आणून गुपचूप गठ्ठ्यात ठेवलं होतं. राजकन्येला चांगलं कापड मिळावं म्हणून. सांगितलं असतं तर मिरवल्यासारखं झालं असतं. मी तीन वेळा सॉरी म्हटलं आणि चौथ्यांदा मला रडूच आलं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या, पण लाज वाटली ती एवढ्या एकाच चुकीची.

त्या उठल्या. माझे डोळे पुसले, आणि मला खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "तू राजा." मी गळ्यात टेप अडकवलेला राजा. त्यांनी ते कापलेलं कापड नेसलं आणि दाराशी गेल्या. तेवढ्यात कॅरन कुबडी घेऊन मापाला आली होती, ती दारातच थांबली.

बू सुमिनी उकिडव्या बसल्या आणि शिलाई मशिनींच्या मधून सरकत आल्या. मी इतके दिवस मुलींना धडपडत सरकताना बघितलं होतं. हे वेगळं होतं. डोकं एका उंचीवर, जराही वरखाली नाही, पाण्यावर कुणी ताट सोडावं तसं. समोर येऊन बसल्या, हात जोडले. खाली मान घालून त्यांच्या भाषेत हळू काही बोलल्या. पुन्हा हात जोडले. आणि मग उभ्या राहिल्या. ताठ. दरबारात राजासमोर कुणी उभं राहत नाही हे एव्हाना मलाही माहीत होतं. त्या सावकाश वळल्या, माझ्याकडे पाठ केली आणि टाच मागे झटकली.

काहीच झालं नाही. नुसता पाय हवेत हलला.

"कापड नाही," त्या मागे न बघता म्हणाल्या. "राजाला दिसत नाही."

मग मला कळलं; तालमी सरकण्यावरच अडलेल्या, त्यामुळे इथवर आम्ही आलोच नव्हतो. तो लांब शेव पायात अडकवायला नव्हताच. राजकन्या वळते आणि टाचेनं तो शेव राजाच्या दिशेनं झटकते, अंगणातला केर उंबऱ्याबाहेर झटकावा तसा. नकार तोंडानं दिलेला असतो तो अगदी अदबीनं. खरा नकार टाचेत असतो. आणि तोच मी सव्वा हात कापून टाकला होता.

कॅरन आत आली, कटिंगच्या टेबलावर टेकली आणि म्हणाली, "परत करून दाखवाल?" बूंनी पाच वेळा करून दाखवलं. पाचव्या वेळी कॅरन स्वतःशीच म्हणाली, "ती आधी इतकी वाकते, म्हणून उभी राहिलेली दिसते. मी ते वाकणंच काढायला निघाले होते."

मी म्हटलं, "बाई, तू निघाली होतीस. मी तर काढलंच."

त्या दिवशी चहा पिताना बू सुमिनी भरभरून बोलल्या. एकोणीस वर्षांच्या असल्यापासून त्या ही राजकन्या करायच्या. खेडोपाडी, मांडवात. पुरुष पुढे, बायका मागे बसलेल्या. त्या वळण्याच्या क्षणाची बायका वाट बघायच्या आणि टाच झटकली की मागून एकच ओरडा उठायचा. मी विचारलं, "आणि मग त्या बायका घरी जाऊन काय करायच्या?"

"भात शिजवायच्या," त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. "पण हसत."

मी तो तुकडा पुन्हा जोडला. दोन दिवस लागले. मशीन नाही, हातानं, नक्षीची रेघ न् रेघ जुळवून. जोड दिसायचाच, तो लपणारा नव्हता. बूंनी ओढून बघितला, "स्ट्राँग," म्हणाल्या आणि घडी घातली.

आता कॅरनला नवीन ध्यास लागला. घोटा बरा व्हायला वेळ होता. सरळ चालून हे नाटक करण्यात अर्थ नाही हे तिला पटलं होतं. ती पाक हार्जोंकडे गेली आणि म्हणाली, राजकन्या बूंनी करावी. पाक हसले. "माझी बायको रंगमंचावर जात नाही." कॅरननं हक्क काढले, अन्याय काढला, आवाज चढवला. पाक आणखी गोड झाले. "ती इथे माझी बायको म्हणून आली आहे. तिला आता गरज नाही." ती जितकी ओरडे तितके ते मऊ होत आणि एक पाऊलही हलत नसत. नाटक रद्द करावं की कसं, इथवर बोलणी आली. बू सुमिनी या सगळ्यात कपडेपटात बसून मुलींच्या कमरपट्ट्यांना हूक लावत होत्या. मला त्यांचा जरा रागच आला. स्वतःच्या तोंडानं एक शब्द बोलायला काय झालं, असं वाटलं. म्हणणारी मी कोण, तर घरी परवानगी मागणारी.

पुढच्या तालमीच्या दिवशी दुपारी त्या मला म्हणाल्या, "बू मांडा, नेसव." जोडलेलं कापड त्यांनी पुढे केलं. मी त्यांनीच शिकवलं होतं तसं नेसवलं. त्यांनी ट्रेमध्ये चहाचा ग्लास ठेवला आणि तालमीच्या हॉलकडे निघाल्या. मी मागोमाग.

हॉलमध्ये वादक आपापल्या जागी बसलेले, मुली भिंतीशी, मध्ये ढोल घेऊन पाक हार्जो. तालीम थांबलेली, कारण राजकन्याच नव्हती. बू सुमिनी दारात उकिडव्या बसल्या. आणि हातात ट्रे घेऊन, तिथून थेट ढोलापर्यंत, तो अख्खा हॉल त्या तशाच सरकत गेल्या. ग्लासातला चहा हलला नाही. मुलींतली एकही हसली नाही. कॅरन कुबडी टाकून भिंतीला टेकून उभी होती. पाक हार्जो ढोलावर हात ठेवून बघत राहिले. बायकोनं नवऱ्याला चहा आणावा, यात हरकत घेण्यासारखं काय होतं? त्यांच्या घरच्या रीतीला धरूनच होतं सगळं, उलट जास्तच.

त्यांनी चहा ठेवला. हात जोडून अंगठे नाकाला लावले. मान खाली घालून अगदी हळू काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मी नंतर विचारलं. "मी म्हटलं, आपल्या पायाशी आज्ञा मागते, मी राजकन्या व्हायला निघाले." पुन्हा हात जोडले. मग उभ्या राहिल्या. हॉलमध्ये प्रत्येकाला आता कळत होतं की काय चाललं आहे, कारण कॅरननं आठवडाभर सगळ्यांना तेच समजावलं होतं. बू सुमिनी वळल्या. नवऱ्याकडे पाठ केली. टाच झटकली. शेव उडाला.

आणि त्याच क्षणी ढोल वाजला.

हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. जावाच्या नाचात ढोलावरचा माणूस नाचणाऱ्याच्या पायाकडे बघत असतो. पाऊल पडलं की थाप पडायलाच हवी, आधी नाही, नंतर नाही. लहानपणापासून त्यांच्या हाताला तेच वळण. डोकं ठरवायच्या आधी हातानं थाप दिली होती. इतकी चोख की गॅमेलानच्या मोठ्या घंगाळाशी बसलेल्या मुलानं चुकून तेही वाजवलं.

पाक हार्जोंनी आपल्या हाताकडे बघितलं. मग बायकोच्या पाठीकडे. ती वळली नव्हती. त्यांनी ग्लास उचलला, चहाचा एक घोट घेतला आणि वादकांना म्हणाले, "सुरुवातीपासून."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी पोळ्या लाटता लाटता श्रीकांतना म्हटलं, "पुढचा अख्खा आठवडा मला शो आहेत. संध्याकाळी घरी नसणार." विचारलं नाही, सांगितलं. आवाज चढवला नाही, 'अहो' म्हणूनच सांगितलं. ते पेपरातून वर बघून म्हणाले, "तुझी आत्या येणार होती ना डेट्रॉइटहून?"

"येऊ दे ना. तुम्ही आहात की."

थोडा वेळ पेपर सरळ करण्यात गेला. "आमटीत गूळ आधी घालतात की नंतर?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून आमच्या घरी आमटी तेच करतात, आणि गूळ अजून जास्तच घालतात. आमचा संसार नीट झाला तो त्या आठवड्यापासून असं मी म्हणते, ते म्हणतात आधीपासूनच नीट होता.

बू सुमिनींशी पुढे काही वर्षं पत्रं चालली. मग आम्ही घर बदललं, त्यांचाही पत्ता बदलला, आणि मी आळस केला. याची हळहळ अजून वाटते. आज त्या कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. त्यांनी मला एकही उपदेश केला नाही, आणि तरी आईनंतर मला जर कुणी शिकवलं असेल तर त्यांनी. रीत मोडायची तर आधी ती पुरती यायला हवी, हे मी त्यांच्याकडून घेतलं. माझ्या हाताखालच्या किती मुलींना मी ते दिलं कुणास ठाऊक.

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी होता. माहितीपत्रकात बू सुमिनींचं नाव छापलं होतं, त्यांचं स्वतःचं, माहेरचं. ते पाक हार्जोंनीच सांगून घालून घेतलं होतं. श्रीकांत, मुलं, आत्या, सगळे तिसऱ्या रांगेत. मी विंगेत. राजकन्या राजाकडे पाठ करून मागच्या विंगेकडे तोंड करते, त्यामुळे त्या क्षणी प्रेक्षकांना, राजाला, वादकांना तिची पाठच दिसते. चेहरा दिसतो तो फक्त कपडेपटाच्या बाईला. टाच झटकली, थाप पडली, आणि प्रेक्षागृहात मागच्या बाजूनं बायकांचा ओरडा उठला. अमेरिकन बायका, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बू सुमिनी हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या. आपलीच वस्तू पुष्कळ वर्षांनी कपाटात सापडावी आणि ती अजून अंगाला येते की काय ते बघावं, तसं त्यांचं तोंड होतं.

त्या आत आल्या. इथे मला चाळीस सेकंद होते. राजकन्येचा वेष उतरवून खेड्यातल्या मुलीचा चढवायचा, हे मी शंभरदा केलेलं काम. या चाळीस सेकंदांत नटानं फक्त हात वर करून उभं राहायचं असतं, बोलायचंसुद्धा नाही. मी कमरपट्ट्याला हात घातला. बू सुमिनींनी हात वर केले नाहीत. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "एक मिनिट."

असं कुणी करत नाही. मी कुणाला करू दिलं नसतं. पण त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, श्वास घेत उभ्या राहिल्या आणि बाहेर तो ओरडा अजून चालूच होता. चाळीस सेकंद संपले. रंगमंचावर राजा ताटकळत उभा होता. ढोलाची थाप यायची होती त्यांच्या पावलावर, आणि पाऊल तर विंगेत होतं. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. पाक हार्जो विंगेकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी तोच ठेका पुन्हा घेतला, मग पुन्हा, अगदी हळू, घाई न करता, आणि वादक त्यांच्यामागून.

राजा थांबला होता. नवरा थांबला होता. मी हातात खेड्यातल्या मुलीचे कपडे घेऊन थांबले होते. त्यांनी आपलं मिनिट पुरतं घेतलं. मग डोळे उघडले आणि हात वर केले.